कॅचरला विचारा

डेलमार रेन्सिंग बसल्या बसल्या झोपला होता. पाठ ताठ, टोपी डोळ्यांवर ओढलेली, हातात कॉफीचा कप, आणि कप असा सरळ धरलेला की थेंब सांडेल तर शपथ. ट्रूडीच्या डोनटच्या दुकानात खिडकीजवळच्या टेबलाशी तो हल्ली रोज सकाळी असाच झोपायचा, आणि त्याच्या डोक्यावरून बाकीचे तिघे एकमेकांवर ओरडत राहायचे. ट्रूडी मधूनच येऊन त्याच्या हातातला गार कप हळूच काढून गरम ठेवून जायची. तेवढ्यानेही त्याला जाग यायची नाही.

आमच्या दक्षिण इलिनॉयमध्ये हिवाळ्यात दुसरं करायचं तरी काय? मका कापून झालेला, मैदानं दगडासारखी गोठलेली, बेसबॉल थेट एप्रिलमध्ये. मग माणसं बेसबॉल तोंडाने खेळतात. आणि तोंडाने खेळायचा म्हटल्यावर विषय एकच, वर्षानुवर्षं तोच: आधुनिक बेसबॉलमधला सर्वांत थोर पिचर कोण? मध्येच येऊन एक-दोन इनिंग टाकून जाणारा नव्हे, पहिला चेंडू टाकून सामना सुरू करणारा, पूर्ण सामन्याचं ओझं खांद्यावर घेणारा. या एका प्रश्नावर गावातली दोन लग्नं मोडता मोडता राहिली आहेत, आणि एका मयताला खांदा द्यायला माणसं रुसून आली नव्हती.

"गिब्सन!" नॉर्ब काम्पवर्थने टेबलावर मूठ आपटली. "अडुसष्ट साल. चौतीस सामने सुरू केले, त्यातले अठ्ठावीस एकट्याने संपवले. सामन्यामागे एक रन देत होता जेमतेम. अरे, त्याच्या भीतीने पुढच्या वर्षी पिचर उभा राहतो तो उंचवटा खाली आणावा लागला. एका माणसापायी मैदान खणलं, आणि तुम्ही मला विचारता थोर कोण!"

"एकट्यापायी नाही खणलं," व्हर्जिल म्हणाला. व्हर्जिल यान्सन त्या टेबलावरचा पोरसवदा, म्हणजे साठीच्या आतला, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर बसणारा. "त्या वर्षी सगळेच पिचर माजले होते. आणि आधुनिक म्हणतोय आपण, आधुनिक! अडुसष्ट साली माझ्या आईचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. पेड्रो घे. त्या दोन हजार साली बाकीचे सामन्यामागे पाच-पाच रन देऊन घरी जात होते, हा पठ्ठ्या दोनसुद्धा देत नव्हता. आणि अंगाने कसा? वारा आला तर धरून ठेवावा लागेल असा."

"मॅडक्स," क्लीटस ह्युल्समन शांतपणे म्हणाला. क्लीटस गावच्या संघाचा जुना मॅनेजर, आणि कार्डिनल्स संघाच्या मुलखात राहून त्यांच्या हाडवैरी कब्सचा भक्त. एवढ्या एका पापाबद्दल गावाने त्याला चाळीस वर्षं सहन केलं होतं. "चेंडूला वेग नाही, हातात ताकद नाही, नुसतं डोकं. अठ्ठ्याहत्तर चेंडूंत अख्खा सामना संपवला होता गड्याने."

"कोणाविरुद्ध?" नॉर्बने विचारलं.

क्लीटसने डोनटचा तुकडा मोडला.

"कोणाविरुद्ध रे? सांग ना."

"कब्सविरुद्ध, कब्स सोडून गेल्यावर," क्लीटस म्हणाला. "तुला माहीत आहे. उगीच जखमेवर मीठ चोळू नकोस."

नॉर्ब इतका हसला की डेलमार जागा झाला. त्याने आधी घड्याळ पाहिलं, मग खिडकीबाहेर पाहिलं, मग "मी जागाच होतो," असं म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्यांमध्ये एवढी माणुसकी असते.

"शुक्रवारी मत द्यायचं आहे तुला," नॉर्बने त्याला आठवण करून दिली. "या वर्षी टाळाटाळ नाही."

फेब्रुवारीच्या मध्यावर दक्षिणेकडे सरावाची शिबिरं उघडतात. पिचर आणि कॅचर बाकीच्यांच्या आधी हजर होतात. त्या आठवड्यात ट्रूडीच्या टेबलावर मतदान होतं, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळातल्या पहिल्या शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेल्या माशांची पंगत बसते तेव्हा हरलेल्यांनी जिंकलेल्या पिचरच्या संघाची टोपी घालून जेवायचं असतं, सगळ्या गावासमोर. नॉर्बने जाहीर करून टाकलं होतं की मेल्यावर पेटीत हवं तर घाला, पण जिवंतपणी कब्सची निळी टोपी डोक्यावर चढणार नाही. पण तशी वेळ कधी आलीच नव्हती. तिघांची तीन मतं तिघांना, आणि चौथं मत ज्याचं, तो डेलमार दरवर्षी म्हणायचा, "पुढच्या वर्षी बघू."

त्याच्या मताला एवढा भाव का, तर तो कॅचर होता. गावच्या संघात त्याने वीसेक वर्षं उकिडवं बसून चेंडू झेलले. गुडघे त्यातच गेले. बोलणारे पुष्कळ असतात, पण पिचरचा चेंडू तळहातावर घेतलेला माणूस टेबलावर तो एकच. आणि त्याला विचारलं की तो म्हणायचा, "कॅचर पिचर निवडत नाही रे. जो समोर येईल त्याचे झेलायचे."

तसाच जन्म काढला त्याने. उमेदीची सगळी वर्षं दुधाचा टँकर चालवला. गोठ्यागोठ्यावर जायचं, दूध भरायचं, डेअरीत ओतायचं. गाईला रविवार कळत नाही, ख्रिसमस कळत नाही, आणि गाईला कळत नाही म्हणून डेलमारलाही कळला नाही. स्वतःच्या लग्नाच्या दिवशी पहाटे फेरी मारून तो चर्चमध्ये आला होता, आणि कोटाला दुधाचा वास येतोय असं लवर्नने भर वेदीपाशी त्याच्या कानात सांगितलं होतं. बर्फ पडो, ताप येवो, फेरी चुकली असं झालं नाही. याचा त्याला अभिमान होता. त्याला दुसरा कसला अभिमान बाळगता आला असता, हेही खरंच.

लवर्न शाळेच्या स्वयंपाकघरात होती. मोठ्याने हसणारी, मोठ्याने रागावणारी बाई. गावचा सामना असला की ती डेलमारच्या बरोबर पाठीमागे, जाळीला नाक लावून बसायची, आणि अंपायरला असं काही ऐकवायची की फादर ऑटो तोंड फिरवून घ्यायचे. खेळ तिला कळायचा. घरी गेल्यावर डेलमारपेक्षा जास्त तीच बोलायची.

तीन वर्षांपूर्वी झटका आला तिला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मग बोलणं थोडं परत आलं, पण एकेक शब्द विहिरीतून ओढून काढावा तसा. डोकं मात्र शाबूत होतं, आणि त्याचाच जास्त त्रास व्हायचा दोघांना.

डेलमारने तिला घरी आणलं आणि सगळं अंगावर घेतलं. उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, औषधं, डायपर, रात्री दोनदा कूस बदलणं. सुरुवातीला चर्चच्या बायका झाकलेली भांडी घेऊन यायच्या. तो दारातच भांडं घ्यायचा, धुऊन दुसऱ्या दिवशी परत करायचा, आणि म्हणायचा, "आम्ही ठीक आहोत." क्लीटसची बायको बर्नडीन म्हणाली, आठवड्यातून दोन दुपारी मी बसते तिच्यापाशी. "आम्ही ठीक आहोत." मुलगी जोलीन कॅन्ससहून फोन करायची, रडायची, भांडायची. "आम्ही ठीक आहोत गं, तू तुझी पोरं सांभाळ." हळूहळू भांडी यायची थांबली. लोकांनी तरी किती वेळा दार ठोठावायचं?

ताठा होता का हा? थोडा होता. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, ही आमच्या जर्मन आजोबांची देणगी आहे, ती गावात घरोघरी सापडते. पण त्यापेक्षा जास्त भीती होती. डेलमारची आई शेवटी तालुक्याच्या गावी एका नर्सिंग होममध्ये गेली होती. तिथे भेटायला गेलं की ती त्याचा हात धरायची आणि विचारायची, घरी कधी? त्याच्या मनाने घेतलं होतं की एकदा का दार उघडून मदतीला माणूस आत घेतला, की त्याच्या मागोमाग कागद येतात, आणि कागदांमागून गाडी येते. लवर्न त्याचा हात धरून तसं विचारतेय, हे चित्र त्याला नको होतं. त्यापेक्षा आपण झिजलेलं परवडलं.

आणि तो झिजला. सकाळी लवर्नला खायला घालून, औषध देऊन, आरामखुर्चीत टीव्हीवरच्या प्रार्थनेसमोर बसवलं की ती तासभर डुलकी घ्यायची. तेवढा तास त्याचा. तो दोन गल्ल्या चालत ट्रूडीकडे यायचा, पिचरांबद्दलचं भांडण ऐकत ऐकत झोपायचा आणि उठून परत जायचा. त्या भांडणात त्याला अंगाई सापडली होती म्हणा ना. घरच्या शांततेत त्याला झोप यायची नाही, कान सारखे तिच्या श्वासाकडे.

थकवा म्हणजे काय हे त्याला वाटायचं आपल्याला माहीत आहे. टँकरचा थकवा माहीत होता, एका दिवशी दोन सामने खेळल्यावर गुडघ्यांचा थकवा माहीत होता. हा वेगळाच निघाला. हा झोपून जात नव्हता. बूट घालताना एक बूट घालून तो बराच वेळ दुसऱ्याकडे बघत बसायचा. लापशी ढवळता ढवळता विसरायचा की आता पुढे काय. मतदानाच्या त्या आठवड्यात सोमवारी लवर्नने भरवलेला घास तोंडाबाहेर काढला, तिसऱ्यांदा, आणि त्याने चमचा वाटीत आपटला. "काय लहान मूल आहेस का तू?" असं ओरडला तो. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने निमूट तोंड उघडलं. तिच्यासारखी बाई, निमूट! त्याला तिचा राग येत होता, राग येतो याची लाज वाटत होती, आणि दोन्ही पेलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

बुधवारी ट्रूडीकडे वाद नेहमीच्या खड्ड्यात जाऊन पडला.

"हल्लीचे पिचर!" नॉर्ब म्हणाला. "पाच इनिंग टाकायच्या आणि खांद्यावर बर्फ ठेवून बसायचं. पुढचं निस्तरायला पाच वेगळी माणसं. सुरू केलंस ना, मग संपव की! थोर तो, जो संपवतो."

"आणि खांदा निखळला तर?" व्हर्जिल म्हणाला. "हल्ली मोजतात. शंभर चेंडू झाले की उचल. शहाणपण आहे ते."

"शहाणपण! थकलाय की नाही हे पिचरला कळत नाही होय?"

"कळतं," क्लीटस म्हणाला. "पण सांगत नाही. नॉर्ब, तू आपला पिचर, आणि मी बारा वर्षं मॅनेजर होतो. किती वेळा उंचवट्यावर चालत आलो असेन तुझ्याकडे? एकदा तरी म्हणालास की मी दमलो?"

"मी दमायचोच नाही."

"बघा!" क्लीटसने बाकीच्यांकडे हात केला. "पिचर खोटं बोलतो. सगळे बोलतात, गिब्सन काय नि नॉर्ब काय. हात खांद्यातून गळून खाली पडला तरी पायाने उचलून देतील आणि म्हणतील, मी ठीक आहे. म्हणून मी त्याला विचारायचोच नाही. तिथे गेलो की कॅचरकडे बघायचं. ह्याच्यात काही उरलंय का रे? आणि डेलमार सांगायचा. पिचरच्या तोंडावर सांगायचा."

"ते तर विचारूच नका," नॉर्ब एकदम लालबुंद झाला. "लेबर डेची फायनल. आठवी इनिंग. दोन रननी पुढे होतो आपण. हा क्लीटस येतो, आणि हा," त्याने डेलमारच्या खांद्यावर बोट टोचलं, "हा माझा मित्र, माझ्या लग्नात शेजारी उभा राहिलेला माणूस, म्हणतो, नाही, ह्याच्यात काही उरलं नाही. सहाशे माणसांसमोर माझ्या हातातून चेंडू काढून घेतला! मी ठीक होतो."

"ठीक नव्हतास," डेलमार म्हणाला. टोपीखालून आवाज आला तेव्हा कळलं की तो आज जागा आहे.

"तुला काय माहीत?"

"तुझा चेंडू हातमोज्यात येताना आवाज करत नव्हता, नॉर्ब. सहाव्या इनिंगपासून नुसता येऊन पडत होता. उशीवर पडल्यासारखा."

"मग सहाव्यातच का नाही सांगितलंस?"

डेलमारने विचार केला. "कोणी विचारलं नाही," तो म्हणाला. "विचारल्याशिवाय कॅचरने सांगायचं नसतं."

नॉर्बने तोंड फिरवलं. त्या गोष्टीला चाळीस वर्षं झाली होती आणि जखम अजून ओली होती. जिंकलो होतो आम्ही तो सामना, पण ते त्याच्यासमोर काढायचं नाही असं ठरलेलं आहे.

उठताना डेलमारचा तोल गेला. क्लीटसने दंडाला धरलं आणि धरून ठेवलं. "तू बरा आहेस ना?"

"ठीक आहे मी."

"बर्नडीन म्हणत होती—"

"आम्ही ठीक आहोत, क्लीटस." त्याने दंड सोडवून घेतला आणि तो निघाला. खिडकीतून तिघे त्याला बघत राहिले. रस्ता ओलांडताना तो मध्येच थांबला, जणू कुठे चाललो होतो ते आठवत होता, मग परत चालू लागला.

शुक्रवारी तो आला नाही. नॉर्बने तीन टोप्या टेबलावर मांडून ठेवल्या होत्या, गिब्सनच्या कार्डिनल्सची लाल, कब्सची निळी आणि पेड्रोसाठी व्हर्जिलने आणलेली बॉस्टनची. तास गेला. कॉफी दोनदा भरून झाली. वाद कोणी काढलाच नाही.

"मत द्यायला घाबरला," नॉर्ब म्हणाला, पण त्याच्या आवाजात गंमत नव्हती. मग त्यानेच आपली रोजची टोपी घातली. "चल क्लीटस. व्हर्जिल, तू दुकानावर जा, तुला उशीर होईल."

दोघे नॉर्बच्या पिकअपमधून गेले. मागचं दार आमच्याकडे कोणी लावत नाही. क्लीटसने जाळीच्या दारावर टकटक केली, हाक मारली. आतून डेलमारचा आवाज आला, अगदी नेहमीसारखा, "आत आहोत."

स्वयंपाकघरात फ्रिजला पाठ लावून दोघं जमिनीवर बसली होती. लवर्न घसरून खाली आली होती, खुर्चीत बसवताना. डेलमारने तिच्या पाठीशी उशी दिली होती, पायांवर पलंगपोस टाकला होता, स्वतःचा कोट तिच्या खांद्यावर घातला होता. मध्ये बशीत टोस्टचा अर्धा तुकडा होता. पलंगपोसाखालून तिचे पाय दिसत होते, एका पायात मोजा, एक पाय उघडा. टोस्ट वाळून कडक झाला होता, म्हणजे दोघं बराच वेळ तिथे होती.

"उचलतच होतो," डेलमार म्हणाला. "जरा दम खात होतो."

"कधीपासून?" क्लीटसने विचारलं.

"आत्ताच."

"फोन का नाही केलास?"

"कशाला? एवढ्याशा गोष्टीला?"

क्लीटस आणि नॉर्ब दोन्ही बाजूंनी वाकले, लवर्नच्या काखेत हात घातले आणि तिला खुर्चीत बसवलं. दोन सत्तरीचे म्हातारे, धापा टाकत होते, पण दोघे असल्याने जमलं. डेलमार स्वतःहून उठायला गेला आणि उठला नाही. नॉर्बने हात दिला. त्याने तो घेतला आणि ओट्याला टेकून उभा राहिला. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"बर्नडीनला सांगतो यायला," क्लीटस म्हणाला. "आज, आणि मंगळवारी. आणि रात्रीचं काय करायचं ते जोलीनशी बोलून—"

"काही नको." डेलमारचा आवाज चढला. "पाय घसरला तिचा. कोणाचाही घसरतो. तुम्ही आलात, आभारी आहे, कॉफी घ्या आणि जा. हे घर मी चालवतोय, आणि मी चालवीन. कोणी तिला कुठे नेणार नाही."

"कुठे न्यायचं कोण म्हणतंय?"

"सुरुवात अशीच होते. मला माहीत आहे. आम्ही ठीक आहोत."

नॉर्ब इतका वेळ दाराशी उभा होता. त्याने टोपी काढून हातात घेतली. "डेल," तो म्हणाला, "उंचवट्यावर मीही हेच म्हणालो होतो."

डेलमारने त्याच्याकडे पाहिलं.

मग क्लीटसने खुर्ची ओढली आणि लवर्नसमोर बसला. घरात शिरल्यापासून सगळे तिच्या डोक्यावरून बोलत होते, जसे गेली तीन वर्षं डॉक्टर, शेजारी, मुलगी, सगळेच बोलत आले होते. क्लीटसने तिच्या डोळ्यांत पाहिलं.

"लवर्न," तो म्हणाला, "तू सांग. ह्याच्यात काही उरलंय का?"

लवर्नने नवऱ्याकडे पाहिलं. ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली, त्याच्या तोंडाकडे, पाठीमागे लपवलेल्या हातांकडे, एकाच पायात घातलेल्या बुटाकडे. तिचे ओठ हलले, शब्द आला नाही. परत हलले.

"नाही," ती म्हणाली.

"लवर्न!" डेलमारचा आवाज फुटला. "अगं, मी तुझ्यासाठी... मी काय कमी केलं? सांग ना. काय कमी केलं मी?"

तिने डावा हात उचलला. थांब, अशी खूण केली. तिला अजून बोलायचं होतं, आणि त्या तिघांना थांबावं लागलं.

"रात्री," ती म्हणाली. "तहान."

"तहान लागते? मग हाक मारायची! मी शेजारीच असतो. मारली नाहीस कधी हाक."

"नाही मारत." तिने श्वास घेतला. एकेक शब्द ओढून आणत होती. "तू... उठशील. म्हणून."

डेलमारने पुढे होऊन तिच्या खुर्चीचा हात धरला.

"रोज?" त्याने विचारलं.

तिने मान हलवली. हो.

"किती दिवस?"

तिने नुसते डोळे मिटले. डेलमारच्या लक्षात आलं की बरेच महिने ती रात्री एकदाही जागी झालेली त्याने पाहिली नव्हती, आणि त्याला वाटत होतं, चला, निदान झोप तरी लागते हिला. तेवढ्यावर त्याने समाधान मानलं होतं. तो अंधारात तिच्या श्वासाकडे कान लावून जागा, आणि ती कोरड्या घशाने झोपेचं सोंग घेऊन जागी. दोघं एकमेकांना ठीक आहोत, ठीक आहोत म्हणत होती.

तो वळला. कपाटातून ग्लास काढला, नळाखाली धरला. ग्लास भरला, पण हात इतका कापत होता की ओट्यापासून खुर्चीपर्यंत येईस्तोवर अर्धं पाणी जमिनीवर सांडलं, त्याच्या बुटावर, तिच्या पलंगपोसावर. तो मध्येच उभा राहिला. पुढे पाऊल टाकावं तर उरलेलंही सांडणार.

नॉर्ब पुढे झाला आणि त्याने हात पसरला. डेलमारने ग्लासकडे पाहिलं, नॉर्बच्या हाताकडे पाहिलं, आणि ग्लास सोडला.

"मी दमलोय रे," तो म्हणाला. "मी फार दमलोय."

"माहीत आहे," नॉर्ब म्हणाला. "बस तू."

क्लीटस भिंतीवरच्या फोनवरून बर्नडीनला बोलावत होता. नॉर्बने ग्लास नळाखाली पुन्हा भरून घेतला, लवर्नच्या मानेमागे एक हात दिला आणि ग्लास तिच्या ओठांना लावला. ती प्यायली. हनुवटीवरून ओघळ आला तरी थांबली नाही, ग्लास रिकामा होईपर्यंत प्यायली, आणि मग म्हणाली, "अजून."